गोदेच्या गाळात मुरलेला कार्बन

कोपरगाव तालुक्यात कालव्याखालच्या काही जमिनींत एक कोडं उभं असतं. पाटाचं पाणी नुकतंच देऊन झालेलं, वाफ्यात पाय रुततोय, आणि उसाची पानं मात्र भर दुपारी सुरळी करून बसलेली. बांधाच्या कडेला, ओल सुकते तिथं, पांढरी भुकटी. जमीन खारवली, एवढं शेतकऱ्याला बघताक्षणी कळतं. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघालेले गोदावरीचे डावे-उजवे कालवे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या भागात आले. ऊस आला, कारखाने आले. निचऱ्याची सोय नसलेल्या भारी काळ्या जमिनीत वर्षानुवर्षं पाणी जिरत राहिलं, भूजल वर चढलं आणि त्यातले क्षार वरच्या थरात साठले. पाणी भरपूर, पण पिकाला ते पिता येत नाही.

हीच गोदावरी कोपरगावापासून नदीच्या वाटेनं हजाराहून अधिक किलोमीटरवर, पूर्वेला, आंध्र प्रदेशात काकीनाड्याजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. तिथं तिच्या गौतमी या शाखेच्या मुखाशी कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे. १९७८ साली अभयारण्य म्हणून जाहीर झालेलं हे क्षेत्र सुमारे २३५ चौरस किलोमीटरचं. इथली झाडं खाऱ्या चिखलातच रुजतात, दिवसातून दोनदा भरतीचं पाणी अंगावर घेतात आणि तरी बारमाही हिरवी असतात. ही झाडं पाणी कसं पितात, हवेतून कार्बन किती घेतात आणि घेतलेला कार्बन कुठं ठेवतात, या तीन प्रश्नांवर जगभरातले कितीतरी पीएच.डी.चे विद्यार्थी गुडघाभर चिखलात उभे राहून उमेदीची वर्षं घालवतात. प्रबंधांची नावं रुक्ष असतात: किनारी वनांतील कार्बन व जलचक्र, किंवा असंच काही. आतला मजकूर मात्र थेट कोपरगावच्या घाटापर्यंत येऊन पोचतो.

ओल्या चिखलातली तहान

मुळाच्या पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. त्यातून पाणी आरपार जातं, मीठ सहसा जात नाही. पडद्याच्या ज्या बाजूला क्षार जास्त, त्या बाजूला पाणी ओढलं जातं. गोड पाण्याच्या जमिनीत मुळाच्या आतला रस बाहेरच्या पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून पाणी आपसूक आत येतं. जमीन खारवली की पारडं उलटतं. माती पाणी धरून ठेवते आणि ऊस ओलीत उभा राहून सुकतो.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातून गोडं पाणी खेचून घ्यायचं तर वातावरणाच्या दाबाच्या सुमारे पंचवीस पट ओढ लावावी लागते. झाड एवढी ओढ लावतं का, हे बराच काळ नुसत्या तर्कावर होतं. १९६५ साली शास्त्रज्ञ पेर शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा छडा लावला. तोडलेली डहाळी एका जाड लोखंडी डब्यात बंद करायची, देठाचं टोक तेवढं बाहेर ठेवायचं आणि डब्यात वायूचा दाब वाढवत न्यायचा. कापलेल्या टोकाशी रस पुन्हा उगवतो तो दाब म्हणजे झाडाच्या आतली ओढ. दमट जंगलातल्या झाडांत ती वातावरणाच्या चार-पाच पट निघाली. खारफुटीत आणि तिच्यासारख्या खाऱ्या जागच्या वनस्पतींत ती कायम ३५ ते ६० पट होती, रात्री आणि दिवसाही. उंच झाडांच्या शेंड्याची डहाळी मिळवायला या मंडळींनी रायफलची गोळी झाडून ती खाली पाडली होती. प्रबंध लिहिणाऱ्यांना आजही हेवा वाटावा अशी ही पद्धत.

मीठ बाहेर ठेवण्याची तऱ्हा प्रत्येक जातीची वेगळी. कांदळाची मुळं बहुतेक सगळं मीठ दारातच अडवतात. कोकणातल्या खाड्यांत सर्रास दिसणारं आणि कोरिंगातही भरपूर असलेलं तिवर थोडं मीठ आत येऊ देतं, आणि मग पानांवरच्या बारीक ग्रंथींतून ते बाहेर टाकतं. उन्हाळ्यात तिवराच्या पानावर बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट लागतं.

पण एवढी यातायात करून मिळालेलं पाणी झाड सहजासहजी उधळत नाही, आणि इथंच पाण्याचा हिशेब कार्बनच्या हिशेबाला जाऊन भिडतो. पानावर सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर ती उघडावी लागतात, आणि उघडली की वाफ बाहेर पडते. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आत यावा तर पाण्याचे शेकडो रेणू गमवावे लागतात. खारफुटी ही छिद्रं जपून उघडते. पाऊस पडून, नदी फुगून खाडीतलं मीठ उतरलं की सैल सोडते. मीठ चढलं की मिटून घेते. म्हणून या जंगलात कार्बनचा अभ्यास करणाऱ्याला पाण्याची नोंदवही बाजूला ठेवून चालत नाही.

पाणी अडलं की काय होतं, हे कोरिंगात दिसून आलेलं आहे. गोदावरी आणि कृष्णेच्या मुखाशी खारफुटीचे काही पट्टे तोडीनंतर पुन्हा उगवेनात. तोडलेल्या जागेतला चिखल वाळून खचला, मधे खळगे झाले, भरतीचं पाणी आत शिरून तिथंच आटू लागलं आणि मीठ साठत गेलं; अखेर तिवरालाही सोसेना इतकं. १९९० च्या दशकापासून चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानानं वनखातं आणि गावकऱ्यांना सोबत घेऊन तिथं चर खोदले. मधे एक मोठा चर, त्याला दोन्ही बाजूंनी तिरके फाटे, वरून पाहिलं तर माशाचा काटा दिसावा असे. भरतीचं पाणी आत-बाहेर खेळू लागलं, मीठ धुऊन निघालं आणि चरांच्या कडेनं लावलेली रोपं जगली. चोपण जमिनीत चर काढून निचरा करणारा नगर जिल्ह्यातला शेतकरी हे पाहून फारसा चकित होणार नाही.

मनोऱ्यावरून मोजलेला श्वास

एका जंगलानं वर्षभरात किती कार्बन घेतला हे झाडं मोजून कळत नाही. त्यासाठी झाडांच्या शेंड्यांहून उंच असा पोलादी मनोरा उभारतात. त्यावर दोन यंत्रं असतात. एक ध्वनिलहरींच्या मदतीनं वाऱ्याची दिशा आणि वेग टिपतं, वर जाणारा झोत आणि खाली येणारा झोत वेगवेगळा ओळखून. दुसरं त्याच हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प मोजतं. दोन्ही यंत्रं सेकंदाला दहा वेळा नोंद घेतात. जंगलावरची हवा सरळ वाहत नाही, ती लहान-मोठ्या भोवऱ्यांत घुसळत असते. खाली येणाऱ्या भोवऱ्यात कार्बन डायऑक्साइड जास्त आणि वर जाणाऱ्यात कमी असेल, तर मधला फरक जंगलानं खाल्ला. बाष्पाचा हिशेब त्याच नोंदींतून निघतो. एकाच यंत्रजोडीनं जंगलाचं खाणं आणि पिणं दोन्ही कळतं.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘मेटफ्लक्स इंडिया’ उपक्रमातला असा एक मनोरा तमिळनाडूतल्या पिचावरमच्या खारफुटीत आहे. त्याआधी सुंदरबनच्या भारतीय भागात एक मनोरा उभारला गेला होता, आणि त्याच्या २०१२-१३ मधल्या वर्षभराच्या नोंदी २०१६ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांवरून असं दिसलं की दर चौरस मीटर जंगल वर्षाला सुमारे १,२७० ग्रॅम कार्बन हवेतून घेतं, आणि त्यातला जवळपास एक हजार ग्रॅम पानं, मुळं आणि मातीतले जीवाणू यांच्या श्वासोच्छ्वासातून परत हवेत जातो. हाती उरतात सुमारे २५० ग्रॅम, म्हणजे हेक्टरी अडीच टन.

अडीच टन ऐकायला बेताचे वाटतात. मग खारफुटीचा एवढा गाजावाजा कशासाठी?

मुरघास

उत्तर झाडाच्या खाली आहे. आणि ते कोपरगावच्या दूध उत्पादकाला सांगायला फार शब्द लागणार नाहीत, कारण तो मुरघास करतो. मक्याची कुट्टी उघड्यावर टाकली तर चार दिवसांत बुरसते आणि हळूहळू तिची माती होते. तीच कुट्टी खड्ड्यात किंवा पिशवीत भरून, ट्रॅक्टर फिरवून दाबून, हवा काढून, प्लास्टिकनं बंद केली की महिनोन्‌महिने टिकते. चारा तोच, फरक हवेचा. सडवणाऱ्या बुरशीला आणि जीवाणूंना प्राणवायू मिळाला नाही की त्यांचं काम थांबतं.

खारफुटीत हे दाबण्याचं आणि झाकण्याचं काम पाणी आणि गाळ मिळून करतात. पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानानं सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. पाण्यानं भरलेल्या बारीक चिखलात वरचे काही मिलिमीटर सोडले की प्राणवायू संपतोच. (म्हणून तर तिवराची मुळं चिखलातून खुंट्यांसारखी वर येतात, मुळांना श्वास हवा असतो.) गळालेली पानं खेकडे बिळात ओढून नेतात, जुनी मुळं जागच्या जागी मरतात, आणि दर भरतीला, दर पुराला वरून गाळाचा नवा पापुद्रा बसतो. आत अडकलेला पाला मग शतकानुशतकं तसाच राहू शकतो.

मुरघासाशी साम्य इथवरच. मुरघासात आंबवणारे जीवाणू आम्ल तयार करतात आणि ते चारा टिकवतं. खारफुटीच्या चिखलात वेगळ्या जीवाणूंचं राज्य असतं. प्राणवायूऐवजी समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर ते गुजराण करतात, तीही अगदी मंद गतीनं. भरती ओसरली की खाडीला सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्यांचाच. मुंबईकरांनी नाकाला रुमाल लावावा असा हा वास, पण एक उपकार मात्र करतो. सल्फेट खाणारे जिथं जोरात असतात तिथं मिथेन बनवणाऱ्या जीवाणूंना फारसं काही उरत नाही. मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट तापवणारा वायू. गोड्या पाण्याच्या दलदलीतून तो भरपूर निघतो, खाऱ्या चिखलातून कमी. नदीमुखाशी पावसाळ्यात पाणी गोडं झालं की हे गणित बदलतं, आणि ते नेमकं किती बदलतं हे मोजणं हा अनेक प्रबंधांचा विषय आहे.

२०११ साली हिंद-प्रशांत पट्ट्यातल्या २५ खारफुटींत खोलवर नळ्या खुपसून माती काढली गेली आणि कार्बन मोजला गेला. सरासरी निघाली हेक्टरी सुमारे १,०२३ टन. त्यातला ४९ ते ९८ टक्के वाटा मातीत होता, लाकडात नव्हे. सुंदरबनचा हेक्टरी अडीच टनांचा वेग त्याशेजारी ठेवून पाहावा. जागा वेगवेगळ्या आहेत, म्हणून हा हिशेब ढोबळच. पण एवढा साठा व्हायला चार शतकं लागतील, आणि तेही घेतलेला प्रत्येक कण टिकला तर. कोळंबीच्या तळ्यासाठी बुलडोझर लावून तोच चिखल उपसला की हवा आत शिरते आणि जुना साठा सडायला लागतो.

> चौकट: कुठला कार्बन कुठं मोजतात?
> खोड आणि फांद्या: झाडाचा घेर आणि उंची मोजून, सूत्रानं.
> हवेतली देवाणघेवाण: मनोऱ्यावर, सेकंदाला दहा नोंदी.
> माती: नळी खुपसून काढलेला चिखलाचा दंडगोल, थरांप्रमाणे कापून, वाळवून, भट्टीत जाळून.
> चिखलातून निघणारा मिथेन: जमिनीवर उपडा ठेवलेला बंद डबा, दर काही मिनिटांनी हवेचा नमुना.
> ओहोटीबरोबर जाणारा कार्बन: खाडीच्या तोंडाशी पूर्ण भरती-ओहोटीभर, दिवसा आणि रात्री, बाटल्या भरून.

ओहोटीबरोबर निसटणारा

शेवटची बाटल्यांची पद्धत सर्वांत कंटाळवाणी, आणि तिनंच मोठं कोडं सोडवलं. २००८ साली अनेक देशांतल्या शास्त्रज्ञांनी जगभरच्या खारफुटींचा जमाखर्च मांडला. झाडं घेतात इतका कार्बन, लाकडात इतका, मातीत इतका, पाल्याबरोबर समुद्रात इतका. बेरीज जुळेना. झाडांनी घेतलेल्या कार्बनपैकी निम्म्याहून अधिक कुठं गेला ते कळत नव्हतं.

बराचसा तो पाण्यात विरघळून गेला होता. चिखलात जीवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड मातीतल्या पाण्यात विरघळतो आणि त्याचं बायकार्बोनेट होतं. खेकड्यांच्या बिळांनी चिखल चाळणीसारखा झालेला असतो. ओहोटीला खाडीचं पाणी उतरलं की बिळांतलं पाणी पाझरून बाहेर येतं, आणि त्याबरोबर हे बायकार्बोनेट समुद्रात जातं. मनोऱ्याला ते दिसत नाही, कारण ते आडवं निसटतं. त्यातला जो भाग बायकार्बोनेट म्हणून समुद्रात राहतो, तो हजारो वर्षं हवेत परतत नाही. म्हणजे जंगलाचा एक साठा पायाखाली आणि दुसरा, नजरेआड, समुद्रात.

बायकार्बोनेटची ओळख कोपरगावच्या घराघरांत आहे. बोअरचं पाणी तापवलं की भांड्याला आतून पांढरा थर बसतो, तो त्याचाच कारभार. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, सावकाश विरघळवतं. या झिजेत हवेतला कार्बन बायकार्बोनेट होऊन गोदावरीला मिळतो. त्र्यंबकेश्वरला, अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर उगम पावून ही नदी त्याकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटरचा वळसा घेत हा माल बंगालच्या उपसागरात उतरवते.

गाळ अडला तेव्हा

विरघळलेला माल धरणांतून पार होतो. गाळ पार होत नाही.

मुखाकडचं दौलेश्वरमचं धरण १८५२ सालचं, इंग्रज अभियंता आर्थर कॉटन यांनी बांधवलेलं. गोदावरीचं पाणी त्यानं त्रिभुज प्रदेशातल्या भातशेतीकडे वळवलं. पुढं शतकभरानं वरच्या खोऱ्यात एकामागून एक मोठी धरणं झाली. पैठणचं जायकवाडी १९७६ सालचं. कोपरगावच्या पुलाखालून ऑगस्टमध्ये चहाच्या रंगाचं पाणी जातं, त्यातला बहुतेक जड गाळ आता जायकवाडीच्या जलाशयाच्या, नाथसागराच्या, तळाशी बसतो. २०१७ पासून सरकारच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत शेतकरी धरणांतला आणि तळ्यांतला असाच गाळ ट्रॉल्या भरून शेतात नेतात. शिवाराच्या दृष्टीनं ही चांगलीच गोष्ट. कोरिंगाच्या दृष्टीनं नाही.

आंध्र विद्यापीठाच्या बी. हेमा मालिनी आणि के. नागेश्वर राव यांनी २००४ साली ‘करंट सायन्स’मध्ये याचे आकडे मांडले. १९७१ ते १९७९ या काळात गोदावरी वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ खाली नेत होती. १९९० ते १९९८ मध्ये तो पावणेसहा कोटी टनांच्या आसपास आला. १९७६ ते २००० दरम्यान त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्यानं नव्यानं मिळवलेल्या जमिनीपेक्षा सुमारे १८ चौरस किलोमीटर जमीन जास्त गमावली. खारफुटीही त्यात खचली.

समुद्राची पातळी वाढत असताना खारफुटीला जागेवर टिकायचं तर तळाचा चिखलही तितकाच उंच होत राहावा लागतो. त्यातला काही भाग मुळं घालतात, बाकी गाळ घालतो. गाळ थांबला तर झाडं निरोगी असूनही हळूहळू बुडतात, आणि लाटा खालचा जुना साठा उकरून नेतात. महाराष्ट्रात २०१२ साली वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला, त्याआधी २००५ मध्ये उच्च न्यायालयानं तोडीला आळा घातला. तोड थांबवण्याच्या या उपायांचा कोकणात उपयोग झाला. नदीमुखाच्या जंगलाचा शत्रू मात्र कुऱ्हाड घेऊन येत नाही; तो पाचशे मैलांवर पाटबंधाऱ्याच्या नकाशात असतो.

समुद्रतळावरचं मेण

एवढ्यानं गोष्ट सरळ झाली असती, पण गोदावरीच्या मुखासमोरच्या समुद्रतळानं तिच्यात एक गाठ मारून ठेवली आहे.

पानांवर मेणाचा पातळ लेप असतो. पान कुजलं तरी हे मेण सहज नष्ट होत नाही. ते गाळाबरोबर वाहत समुद्रतळाशी थरावर थर साठतं. कार्बनचे अणू मुख्यतः दोन वजनांचे असतात, हलके आणि किंचित जड. जंगलातली झाडं जड अणू जास्त टाळतात; ज्वारी-बाजरीसारखी कोरड्या हवेतली गवतं तितके टाळत नाहीत. म्हणून मेणातलं जड-हलक्याचं प्रमाण मोजलं की त्या थराच्या काळात खोऱ्यात झाडी किती आणि गवत किती, याचा अंदाज येतो. कामिलो पाँटन यांनी अमेरिकेतल्या एमआयटी आणि वुड्स होल सागरी संस्थेत पीएच.डी. करताना गोदावरीच्या मुखासमोरच्या गाळाच्या एका लांब नमुन्यावर हेच काम केलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून खोऱ्यात कोरड्या हवेतल्या वनस्पती वाढत गेल्या, १,७०० वर्षांपूर्वीपर्यंत वाढतच राहिल्या, आणि पुढं तशाच टिकल्या. नगर जिल्ह्यातली जोर्वे आणि दायमाबादची ताम्रपाषाणयुगीन गावं याच कोरड्या होत जाणाऱ्या काळात नांदली आणि उठली.

त्याच नमुन्यावर २०१७ साली आलेल्या दुसऱ्या अभ्यासात वेगळी बाजू दिसली. झाडी विरळ झाली तशी दख्खनची माती मोठ्या प्रमाणात धुपू लागली, आणि शेती पसरल्यावर आणखी. म्हणजे कोरिंगाची झाडं ज्या चिखलावर उभी आहेत तो बराचसा वरच्या पठारानं गमावलेल्या मातीचा आहे. त्रिभुज प्रदेश फोफावला तो खोरं उघडं पडल्यामुळे, आणि आता खचतोय तो धरणांनी माती अडवल्यामुळे.

मग कोरिंगाच्या कार्बनचा हिशेब कुठल्या सालापासून मांडायचा? १९७६ पासून, १८५२ पासून, की दायमाबादच्या शेतकऱ्यानं जमिनीत पहिल्यांदा अवजार घातलं तेव्हापासून? प्रश्न विद्वत्तेचा वाटेल, पण त्यात पैसा आहे. कार्बन क्रेडिट विकू पाहणाऱ्या प्रकल्पाला ‘आम्ही काहीच केलं नसतं तर इथं काय झालं असतं’ हे आधी दाखवून द्यावं लागतं. ते लावलेल्या रोपांच्या संख्येवरून ठरत नाही. त्यासाठी दौलेश्वरमखाली दर पावसाळ्यात किती गाळ उतरतो, चिखलाची पातळी वर्षाला किती मिलिमीटर चढते आणि ओहोटीबरोबर किती बायकार्बोनेट बाहेर जातं, या तिन्ही नोंदी एकाच जागी, एकाच काळात, सलग काही वर्षं घ्याव्या लागतात.